वेल्शमधलं ‘गुइबॉड’: ‘माहीत असणं’ हे क्रियापद मराठीतून शिकायची वाट

कार्डिफ, स्वान्सी, न्यूपोर्टकडे राहायला आलेल्या मराठी कुटुंबात वेल्श भाषा शिरते ती बहुधा मुलांच्या दप्तरातून. वेल्समध्ये शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श शिकावीच लागते. २०११च्या कायद्याने तिला अधिकृत दर्जा आहे आणि २०२१च्या जनगणनेत तीन वर्षांवरच्या ५,३८,३०० लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं नोंदवलं आहे. मुलं घरी वेल्श बोलायला लागली की आईबाबाही संध्याकाळच्या वर्गात नाव घालतात. पहिल्या काही आठवड्यांतच ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायची वेळ येते, आणि बरेच जण तिथेच अडखळतात.

अडखळण्याचं कारण वेल्श नाही, मधली इंग्रजी आहे. सगळी पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून समजावतात. इंग्रजीत ‘नो’ हे एकच क्रियापद तीन-चार कामं करतं, वेल्शमध्ये ती कामं वाटलेली आहेत. मराठीतही ती जवळजवळ तशीच वाटलेली आहेत. म्हणून इंग्रजीचा वळसा टाळून मराठीतून सरळ ‘गुइबॉड’पर्यंत कसं पोचायचं, ते मी शिकलो त्या क्रमाने इथे मांडतो.

आधी जवळ काय ठेवायचं

- गेइर्यादिर प्रिवस्गॉल कम्री, म्हणजे वेल्स विद्यापीठाचा ऐतिहासिक शब्दकोश. काम १९२१ला सुरू झालं, पहिला भाग १९५०ला आला, पहिली आवृत्ती २००२ला पूर्ण झाली. २०१४पासून तो इंटरनेटवर फुकट आहे. व्युत्पत्तीसाठी दुसरीकडे जायची गरज नाही. एक लक्षात ठेवा: यात क्रियापदाची नोंद आधी ‘मी’च्या रूपाने आणि मग मूळ रूपाने छापतात, त्यामुळे भलतंच पान उघडलं असं वाटून मागे फिरू नका.
- बँगर विद्यापीठाचं ‘अप गेइर्यादिरॉन’ हे मोफत शब्दकोश-अ‍ॅप, रोजच्या अर्थांसाठी.
- फोनवर वेल्श कीबोर्ड. स्वरावरची छोटी टोपी, जिला वेल्शमध्ये ‘टो बाख’ म्हणजे ‘छोटं छप्पर’ म्हणतात, ती टाइप करता आली पाहिजे. का, ते आठव्या पायरीत येईल.
- डस्गी कम्राइग या राष्ट्रीय संस्थेच्या ‘मनेडियाड’ म्हणजे प्रवेश पातळीच्या वर्गाचं पुस्तक. उत्तरेची आणि दक्षिणेची आवृत्ती वेगळी असते. ज्या भागात राहता तीच घ्या.

१. उच्चार आधी, स्पेलिंग नंतर

जी-डब्ल्यू-वाय-बी-ओ-डी हे स्पेलिंग पाहून मराठी माणूस ‘ग्वायबॉड’ म्हणतो. तसं नाही. डब्ल्यू इथे स्वर आहे, आपला ‘उ’. नीट उच्चार ‘गुइबॉड’, घाईच्या बोलण्यात ‘गुबॉड’. जोर पहिल्या अक्षरावर, कारण वेल्शमध्ये जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो.

या लेखात तीन खुणा पाळल्या आहेत. डबल डीसाठी ‘द’ लिहिला आहे; तो इंग्रजी ‘दॅट’मधल्यासारखा, जिभेचं टोक दातांना हलकं लावून हवा सोडत म्हणायचा. सीएचसाठी ‘ख’ आहे, पण घशात घासून, उर्दूच्या ‘ख़बर’सारखा. आणि आरएचसाठी ‘ऱ्ह’. ‘ऱ्हास’ म्हणणाऱ्याला हा आवाज शिकवावा लागत नाही. वर्गातल्या इंग्रजी भाषकांना तो बराच छळतो.

२. शब्द फोडून पाहा

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका, कारण पुढची अर्धी रूपं इथूनच लागतात.

‘गुइबॉड’ हा जोडशब्द आहे: ‘गुइद’ अधिक ‘बॉड’. मधला ‘द’ झिजून गेला. शेजारच्या कॉर्निश भाषेत तो अजून ऐकू येतो, तिथे हेच क्रियापद ‘गॉदवॉस’ आहे.

‘गुइद’चं मूळ इंडो-युरोपीय ‘वेइद्’, अर्थ ‘पाहणं’ आणि त्यातून ‘जाणणं’. संस्कृतात तेच ‘विद्’. वेद, विद्या, विद्वान, संवेदना हे सगळं कुटुंब त्याचं. लॅटिनमध्ये त्याचा ‘पाहणं’ हा अर्थ टिकला. ‘व्हिडिओ’ तिथूनच आला. मग वेल्शमध्ये ‘ग’ कुठून? शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘व’ वेल्शमध्ये नियमाने ‘ग्व’ होतो. उदाहरणं तुमच्या ओळखीची आहेत: वात आणि ‘ग्विंट’ (वारा), विधवा आणि ‘ग्वेदु’ (जोडीदार वारलेली व्यक्ती), वीर आणि ‘गूर’ (पुरुष, नवरा). या तिन्ही जोड्या पाठ करा. अनोळखी वेल्श शब्द ‘ग्व’ने सुरू झाला की आधी ‘ग’ झाकून ‘व’ वाचून पाहायची सवय लागते.

‘बॉड’ म्हणजे ‘असणं’. मूळ तेच, जे संस्कृत ‘भू’चं. आणि मराठी ‘होणं’ हे ‘भू’चंच प्राकृतातून आलेलं रूप. म्हणजे ‘गुइबॉड’मधले दोन्ही धातू घेऊन मराठीत शब्दप्रयोग करायचा, तर तो ‘विदित होणं’ असा होतो. नेमका तोच शब्दप्रयोग आपल्याकडे आहे. दोन भाषा इतक्या दूर, आणि धातूंची तीच जोडी. मला या भाषेची गोडी लागली ती इथे.

हे नातं लोकांसमोर आणणाऱ्या माणसाचा धागाही वेल्सला जातो. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं, आणि केल्टिकही त्यातच असावी असं सुचवलं. वेल्श ही केल्टिक भाषा. जोन्स लंडनमध्ये जन्मले, पण त्यांचे वडील अँगलसी बेटावरचे वेल्श गणिती. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह १७०६ला पहिल्यांदा वापरणारे तेच.

३. ‘नो’ विसरा; माहीत, ओळख आणि येणं वेगळं ठेवा

गोष्ट, बातमी, उत्तर माहीत असणं: गुइबॉड.
माणूस किंवा जागा ओळखीची असणं: अडनाबॉड, बोलताना नुसतं नाबॉड.
एखादी कला किंवा कौशल्य येणं: मेड्री. हा उत्तरेचा शब्द, दक्षिणेत त्या जागी ‘गाल्ही’ ऐकाल.

मराठीत तुम्ही ‘मला त्याला माहीत आहे’ म्हणणार नाही, ‘मी त्याला ओळखतो’ म्हणाल. ‘मला पोहणं माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ यातला फरकही सांगावा लागत नाही. बस, तोच कान वेल्शसाठी वापरा. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा:

*डु ईन गुइबॉड पुइ उइट टी.* तू कोण आहेस ते मला माहीत आहे.
*डु ईन ड नाबॉड डी.* मी तुला ओळखतो.

दुसऱ्या वाक्यातलं ‘ड’ म्हणजे ‘तुझं’. शब्दशः ‘मी तुझं ओळखणं करतोय’. वेल्श क्रियापदाचं मूळ रूप नामासारखं वागतं, आपल्या ‘णं’ लावलेल्या रूपासारखं, म्हणून त्याला ‘माझं-तुझं’ लागतं.

‘नाबॉड’च्या शेवटीही तेच ‘बॉड’ आहे, आणि त्याआधीचा ‘ना’ हा ‘ज्ञा’ धातूचा भाऊ. ‘जाणणं’, ‘जाणीव’ यांतलं ‘जाण’ही त्याच घरातलं. विद् आणि ज्ञा हे दोन्ही धातू वेल्शने ‘बॉड’ला जोडून वापरात ठेवले.

सापळा: इंग्रजीतून विचार केलात तर माणसापुढे ‘गुइबॉड’ लागतं. समोरच्याला अर्थ कळतो, तो सुधारत नाही, आणि सवय पक्की होते. माणूस आला की ‘नाबॉड’.

४. लांब रूप आधी पक्कं करा

रोजच्या बोलण्याचा मोठा भाग या रूपावर निभतो. ‘असणं’ची रूपं पुढे, मध्ये ‘अन’, शेवटी न बदलणारं ‘गुइबॉड’:

*डु ईन गुइबॉड*: मला माहीत आहे.
*डु ई दिम अन गुइबॉड*: मला माहीत नाही.
*उइट टीन गुइबॉड?*: तुला माहीत आहे का?
*रॉनिन गुइबॉड*: मला माहीत होतं.
*बदाइन गुइबॉड*: मला माहीत असेल.

‘तुम्हांला माहीत आहे का?’ दक्षिणेत *डिख खीन गुइबॉड?*, उत्तरेत *डाख खीन गुइबॉड?*. सासूबाई, शिक्षक, दुकानदार, अनोळखी माणूस यांना ‘खी’; मित्र, मुलं आणि घरचं मांजर यांना ‘टी’. आपल्या ‘तुम्ही-तू’ची जाण इथे पुरेशी आहे.

उत्तर देताना ‘हो’ला वेल्शमध्ये सरसकट शब्द नाही. प्रश्नातलं क्रियापदच परत द्यायचं: *अडु* (आहे) किंवा *नाग अडु* (नाही). ‘माहीत आहे का?’ ‘आहे.’ आपणही असंच बोलतो, तेव्हा ‘हो’साठी शब्द शोधत बसू नका.

काळाची एक गंमत. ‘मला कालपासून माहीत आहे’ हे इंग्रजीतून केलंत तर वाक्य मोडेल. मराठीसारखाच साधा वर्तमानकाळ ठेवा: *डु ईन गुइबॉड एर्स दॉइ.*

‘मला कळलं’ वेगळं. ते ‘रॉनिन गुइबॉड’ नाही. त्यासाठी ‘मिळणं’ हे क्रियापद घेतात: *केस ई उइबॉड*, शब्दशः ‘मला जाणणं मिळालं’. आणि ‘मला कळव’ हे ‘देणं’ घेऊन: *ऱ्हो उइबॉड ई मी*. कळणं-कळवणं ही जोडी वेल्शमध्ये मिळणं-देणं अशी आहे. शाळेतून येणाऱ्या पत्रांत आणि ऑफिसच्या फॉर्मवर *ऱ्हॉउख उइबॉड ई नी*, म्हणजे ‘आम्हांला कळवा’, हे इतकं दिसतं की ते पहिल्याच आठवड्यात ओळखता आलं पाहिजे.

५. पुसलेला ‘ग’ शोधायला शिका

वरच्या वाक्यांत ‘गुइबॉड’चं ‘उइबॉड’ झालेलं पाहिलंत. हे मृदू परिवर्तन. वेल्शमध्ये काही शब्दांनंतर पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं: ‘क’चा ‘ग’, ‘प’चा ‘ब’, ‘ट’चा ‘ड’. ‘ग’ मऊ झाला की उरतच नाही.

नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ‘उइबॉड’, ‘उइदॉख’, ‘उन’ हे शब्द शब्दकोशात शोधून सापडत नाहीत. सुरुवातीला ‘ग’ लावून शोधा, लगेच सापडतील. स्वराने किंवा डब्ल्यूने सुरू होणारा वेल्श शब्द सापडत नसेल, तर पहिला संशय हाच घ्या.

कुठे ‘ग’ जातो: *ई* (ला, -ण्यासाठी) नंतर, *हेब* (विना) नंतर, नकारात आणि ‘का’ प्रश्नात छोट्या रूपांपुढे. कुठे जात नाही: ‘अन’नंतर क्रियापद आलं की. नाम आणि विशेषण ‘अन’नंतर मऊ होतात, क्रियापद नाही. म्हणून *अन गुइबॉड* बरोबर, *अन उइबॉड* चूक. नियम नुकताच शिकलेला उत्साही विद्यार्थी इथे हमखास चुकतो.

६. छोटी रूपं: तक्ता ओळखीपुरता, वाक्प्रचार पाठ

‘असणं’च्या आधाराशिवाय चालणारी जुनी रूपं अशी:

गुन (मी जाणतो), गुइदॉस्ट (तू), गूइर (तो किंवा ती), गुइदॉम (आम्ही), गुइदॉख (तुम्ही), गुइदान्ट (ते).

‘मी जाणत होतो’ म्हणजे ‘गुइदुन’. ‘सर्वांना ज्ञात आहे’ अशा कर्त्याविना वाक्याला ‘गुइदिस’. ही सगळी ‘गुइद’ भागातून निघतात. पुस्तकी भूतकाळातलं ‘गुइबी’ (त्याने जाणलं) मात्र ‘बॉड’च्या ‘बी’ (होता) वरून चालतं. दुसरी पायरी केली असेल तर ही फाळणी आपोआप दिसते. हा तक्ता बोलायला लागत नाही, वाचताना ओळखता आला की झालं.

बोलायला लागतात ते ठरलेले तुकडे:

*उन ई दिम*: मला नाही माहीत. उत्तरेत त्याचंच आखडून *डुन इम* होतं. दक्षिणेच्या काही भागांत याच अर्थी *साइन गुइबॉड* किंवा *सो वीन गुइबॉड* ऐकू येतं.
*अम उन ई*, *हीड अ गुन ई*: माझ्या माहितीप्रमाणे.
*मी उन*: माहीत आहे मला. इथला ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तो वाक्याच्या सुरुवातीचा नुसता निपात आहे.
*उइदॉख खी?*: तुम्हांला माहीत आहे का? मुलांच्या पुस्तकांत रंजक माहितीच्या चौकटीवर हे दिसेल.

आणि माझे दोन आवडते: *डिउ आ ऊइर* आणि *पुइ आ ऊइर*. पहिल्याचा अर्थ ‘देव जाणे’, दुसऱ्याचा ‘कोण जाणे’. मराठीत नुसतं ‘जाणे’ हे जुनं वर्तमानकाळी रूप रोजच्या वाक्यात आता येत नाही. ‘तो जाणे’ कुणी म्हणत नाही, ‘तो जाणतो’ म्हणतात. पण ‘देव जाणे’त ते घट्ट बसलं आहे. वेल्शमध्येही नेमकं तेच: ‘गूइर’ हे छोटं रूप बोलीतून मागे पडलं, या दोन वाक्प्रचारांत मात्र ते रोज वापरात आहे. त्यामुळे इंग्रजी भाषकाला जे नुसतं पाठ करावं लागतं, ते तुम्हांला समजून लक्षात राहील.

७. पुढे वाक्य जोडायचं तर

‘पाऊस पडतोय हे मला माहीत आहे’: *डु ईन गुइबॉड बॉड हीन बुरु ग्लाउ.* मधलं सुटं ‘बॉड’ हे आपल्या ‘की’चं काम करतं. त्याच्या जागी इंग्रजी ‘दॅट’साठी शब्द शोधू नका. जोडायचं वाक्य भविष्यकाळी असेल तर ‘बॉड’ऐवजी *अ* आणि भविष्यकाळी रूप.

प्रश्नार्थक शब्द थेट लागतात: *गुइबॉड ब्ले* (कुठे), *प्रीड* (केव्हा), *पाम* (का), *सिट* (कसं). एखाद्या विषयाबद्दल माहीत असेल तर *अम*, आणि ‘अम’ पुढचा शब्द मऊ करतो: कम्री म्हणजे वेल्स, पण *गुइबॉड अम गम्री*.

८. दिसायला सारखे, नात्याने परके

व्युत्पत्तीची गोडी लागली की प्रत्येक ‘गुइद’मध्ये ‘विद्’ दिसायला लागतो. इथे हात आवरा.

खरे नातलग: ग्विबॉडाइथ (माहिती, पर्यटन केंद्रांच्या पाट्यांवर पाहाल), ग्विदॉन्याइथ (विज्ञान), ग्विदॉनिद (शास्त्रज्ञ), अर उइदॉर (मुळाक्षरं).

परके: ‘ग्विदबुइल्ह’ म्हणजे बुद्धिबळ. बुद्धीचा खेळ म्हणून ‘विद्’ सुचतो, पण पहिला भाग ‘लाकूड’ या अर्थाचा आहे, दुसरा ‘शहाणपण’ या अर्थाचा. ‘गूइद’ म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, ज्याला इंग्रजीत गूज म्हणतात, त्याचाही संबंध नाही. आणि ‘गुन’ म्हणजे ‘मी जाणतो’ तशीच बंदूकही. स्पेलिंग तेच, शब्द वेगळे.

सगळ्यात फसवी जोडी टोपीची. टोपी डब्ल्यूवर असेल तर ‘गूइर’, म्हणजे ‘जाणतो’. तीच वायवर गेली तर ‘ग्वीर’, म्हणजे पुरुष अनेकवचनी, आपल्या ‘वीर’चा भाऊ. शिवाय पहिल्याच स्पेलिंगला मोठं अक्षर दिलं की स्वान्सीजवळचा गॉवर द्वीपकल्प होतो. टाइप करताना टोपी टाकायचा कंटाळा केलात तर वाचणाऱ्याला संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो.

९. कानाला झिजलेली रूपं ऐकवा

पुस्तकातलं ‘उइदॉस्ट टी’ (तुला माहीत आहे) उत्तरेच्या तोंडी *स्टी* एवढंच उरतं आणि वाक्याच्या शेवटी आपल्या ‘माहितीये ना’सारखं लागतं. मान देऊन तेच *उखी*. दक्षिणेत ‘टीन गुइबॉड’चं *टीमॉड* होतं. हे तुकडे वर्गात उशिरा शिकवतात, पण शाळेच्या फाटकापाशी पहिल्या दिवसापासून कानावर पडतात. रेडिओ कम्री किंवा एसफोरसी वाहिनी लावून फक्त हेच मोजा: कोण ‘स्टी’ म्हणतंय, कोण ‘टीमॉड’. बोलणारा उत्तरेचा की दक्षिणेचा, ते लवकरच ओळखता येतं.

बोलताना स्वतः आपल्या भागाचं एकच रूप धरा. दोन्हीकडची सरमिसळ झाली तरी लोक समजून घेतात, पण वर्गाच्या तोंडी परीक्षेत एक बोली नेटकी बोलणं सोपं जातं. ‘गुइबॉड’ची लांब रूपं जिभेवर बसली की पुढे *मिंड* (जाणं), *डॉड* (येणं), *ग्न्याइड* (करणं) आणि *काइल* (मिळणं) ही चार अनियमित क्रियापदं घ्या. ‘काइल’ची थोडी ओळख तुम्हांला ‘केस ई उइबॉड’मध्ये झालेलीच आहे, म्हणून सुरुवात तिथून करा.